‘थोडा ढिला कर, होईल!’

आपल्या होस्टेलमध्ये गाडीच्या कुठल्याही दुखण्यावर दोनच औषधं मिळतात. गाडी सुरू होत नसेल तर ‘प्लग साफ कर’, आणि ब्रेक पकडत असेल तर ‘थोडा ढिला कर, होईल!’ पहिलं औषध दहापैकी पाच वेळा तरी लागू पडतं. दुसऱ्याबद्दल माझं भांडण आहे, म्हणून हा लेख.

ज्या गाडीवरून हे भांडण सुरू झालं ती सगळ्यांना माहीत आहे. मागच्या मैदानाच्या पलीकडे मुरमाच्या टेकाडावर दर रविवारी धूर काढत चढणारी जुनी टू-स्ट्रोक. तिला लाईट नाहीत, इंडिकेटर नाहीत, मागचा मडगार्ड कधीच निघाला. पुढे-मागे खड्ड्याखड्ड्यांचे टायर आहेत आणि मागे कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचे उंच शॉकअप. ही आपली ‘डर्ट बाईक’. हसू नका, महाराष्ट्रातल्या बहुतेक पोरांनी मातीतली गाडी अशीच शिकली आहे. कारखान्यातून मातीसाठीच बनून आलेली परवडणारी गाडी आपल्याकडे फार उशिरा आली. हीरोची इम्पल्स २०११ मध्ये आली, एक्सपल्स २०१९ मध्ये. त्याआधी (आणि खिशाचा विचार केला तर त्यानंतरही) यामाहा आरएक्स १०० सारख्या रोजच्या वापराच्या जुन्या गाड्या उघड्या करायच्या, टायर बदलायचे आणि मातीत घालायच्या हाच मार्ग. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. म्हणजे या गाड्या आज होस्टेलमधल्या फर्स्ट इयरच्या पोरांपेक्षा वयाने मोठ्या आहेत. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. एबीएस, सीबीएस हे शब्द त्यांच्या जन्माच्या वेळी इथे कुणी ऐकलेले नव्हते. तो नियम सगळ्या नव्या दुचाकींना लागू झाला १ एप्रिल २०१९ पासून. जुन्या गाडीला तो लागू नाही. तिथे एबीएस म्हणजे आपला पाय.

आणि तो पाय मागच्या ब्रेकवर ठेवला की आपल्या गाडीचं चाक थेट जाम व्हायचं. हळू दाबला तर काही नाही, अजून थोडा दाबला तरी काही नाही, आणि मग एकदम... खर्रर्र! मुरमावर उतार असेल तर मागचं चाक पुढच्या चाकाला भेटायला यायचं. यंदा दोन ज्युनिअर असेच आडवे झाले. एकाचा गुडघा सोलला, दुसऱ्याचं मनगट तीन आठवडे प्लास्टरमध्ये. सबमिशनच्या तोंडावर प्लास्टर म्हणजे काय, हे ज्याने जर्नल लिहिलंय त्यालाच कळेल. दोन्ही वेळेला सगळ्यांचं एकमत – ब्रेक फार कडक आहे, नट ढिला करा.

माझं म्हणणं असं की नट ढिला करणं हा उपाय नाही. उलट धोका त्याने वाढतो. आणि आपण इंजिनिअर होणार असू तर हे आपल्याला कळायला हवं, कारण याचं सगळं गणित आपण शिकलेलो आहोत. मार्कांपुरतं!

आधी नटाचं बघू. मागच्या ब्रेकच्या रॉडवर जो नट असतो, तो फक्त एकच गोष्ट बदलतो – पाय किती खाली गेल्यावर शू ड्रमला टेकणार. टेकल्यानंतर ब्रेक किती जोरात लागणार याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. नट ढिला केला की पाय आधी रिकामा खाली जातो. घाईत तो वेगाने जातो, आणि जिथे शू टेकतात तिथे पोहोचतो तोच जोर घेऊन. म्हणजे जिथे नाजूक दाबायची गरज आहे तिथेच आपण लाथ मारतो. कडक ब्रेक ढिला होत नाही, तो उशिरा आणि जास्त अचानक लागतो.

आता गणित. थिअरी ऑफ मशीन्सला ब्लॉक ब्रेकचं जे सम असतं ते आठवा. लिव्हरवर बल F, पिव्होटपासून अंतर l, ब्लॉकवर नॉर्मल रिअ‍ॅक्शन N. घर्षण लिव्हरला दाबायला मदत करत असेल तर N बरोबर F गुणिले l, भागिले (b वजा μc). हाच तो ‘सेल्फ-एनर्जायझिंग ब्रेक’. व्हायव्हामध्ये एक्सटर्नलने व्याख्या विचारली की सगळे घडाघडा म्हणतात. पण पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीत तो ब्रेक नेमका कुठे आहे हे मी वर्गातल्या अकरा जणांना विचारलं. नऊ जणांनी खांदे उडवले.

तो आहे मागच्या हबच्या आत. ड्रममध्ये दोन शू असतात, एका टोकाला दोघांची एकच पिन, दुसऱ्या टोकाला कॅम. पाय दाबला की कॅम फिरतो आणि शू फाकतात. चाक फिरताना ज्या शूवरून ड्रम कॅमकडून पिनकडे सरकतो, तो लीडिंग शू. ड्रम त्याला स्वतःच आत ओढतो आणि आपल्या पायाला फुकटची मदत करतो. दुसरा शू ट्रेलिंग, त्याला ड्रम बाहेर ढकलतो.

आता वरच्या सूत्रात साधे आकडे घालून बघा. समजा b दहा आहे, c पंधरा. μ ०.३ असताना छेदात येतात ५.५. म्हणजे ब्रेकचा जोर ०.३ भागिले ५.५, सुमारे ०.०५५. आता μ ०.४ करा. छेद उरतो ४ आणि जोर होतो ०.१. घर्षण वाढलं एक तृतीयांशाने, ब्रेक लागला जवळजवळ दुप्पट! μ ०.५ करा, छेद २.५ आणि जोर ०.२. पहिल्याच्या साडेतीन पटीहून जास्त. ट्रेलिंग शूला हेच आकडे लावले तर जोर ०.०२१ वरून ०.०२९ होतो, बस्स. हे आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, कुठल्या गाडीचे नाहीत. पण स्वभाव तोच. पावसात उभी राहिलेली गाडी, ड्रमला आलेला बारीक गंज, लायनरवर चढलेली ग्रीसची पुसट ओल, काच झालेला पृष्ठभाग... μ मध्ये असा थोडासा फरक पडला की लीडिंग शू तो फुगवून दाखवतो. म्हणून सकाळचा पहिला ब्रेक सगळ्यात वाईट पकडतो आणि दहा मिनिटांनी गाडी शहाणी होते. ब्रेक ‘कडक’ नसतो, तो चंचल असतो. त्याला थोडंसं मागता येत नाही, हा खरा आजार.

मातीत हा आजार जास्त भोवतो, त्याचंही कारण आहे. ब्रेक मारला की वजन पुढे जातं. समजा गाडी आणि चालवणारा मिळून ५५ टक्के वजन मागच्या चाकावर आहे, दोन चाकांमधलं अंतर १.२५ मीटर, गुरुत्वमध्याची उंची ०.६५ मीटर. ०.४ जी ने गाडी थांबवली तर जवळजवळ २१ टक्के वजन मागून पुढे सरकतं. मागे उरतात ३४ टक्के. त्यात उतार, त्यात मुरूम. एवढ्याशा वजनावर टेकलेलं चाक जाम करायला फार ताकद लागतच नाही. तेव्हा मागच्या ब्रेकला जोर कमी असला तरी चालेल, पण तो पायाच्या हुकमात हवा.

मग करायचं काय? उत्तर सोपं आहे – क्रमाने शोधायचं. आम्ही तिघांनी दोन शनिवार घालवून हेच केलं. जे सापडलं ते त्याच क्रमाने देतो, म्हणजे उद्या तुम्हाला उपयोगी पडेल.

पहिलं, चाक काढायच्या आधी बाहेरचं बघा. टॉर्क रॉड, म्हणजे ब्रेकची प्लेट चिमट्याला धरून ठेवणारी पट्टी, हाताने हलवा. तिच्या बोल्टात खेळ असेल तर प्लेट आधी थोडी फिरते आणि मग आपटते. आपल्याला वाटतं ब्रेक पकडला. आपल्या गाडीत तिच्या नटाची स्प्लिट पिन गायब होती, तिथे बारीक तार पिळलेली होती! ही पट्टी सुटली तर प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड गुंडाळला जातो आणि चाक जागच्या जागी जाम होतं. प्लास्टर मनगटावरच थांबलं हे नशीब म्हणायचं.

दुसरं, पॅडलचा खेळ. बहुतेक जुन्या गाड्यांच्या पुस्तकात तो पॅडलच्या टोकाला २० ते ३० मिलिमीटर दिलेला असतो. पण तो मोजायचा कधी? मेन स्टँडवर, चाक लोंबकळत असताना? इथेच उंच शॉकअपची गंमत येते. चिमट्याची बिजागरी एका जागी आणि ब्रेक पॅडलची बिजागरी दुसऱ्या जागी. चाक वर-खाली झालं की पॅडलपासून ब्रेकच्या आर्मपर्यंतचं अंतर बदलतं, पण रॉड तर लोखंडाचा, तो लांब होत नाही. मूळ शॉकअपच्या मर्यादेत कंपनीने हा फरक सांभाळलेला असतो. आपण शॉकअप बदलले की ती मर्यादा आपणच ओलांडली, त्यात गाडीचा काय दोष? आम्ही एकाला गाडीवर बसवलं, दुसऱ्याने मागून दाबलं, तिसऱ्याने पट्टीने मोजलं. चाक लोंबकळताना खेळ होता २८ मिलिमीटर, माणूस बसल्यावर ११, आणि पूर्ण दाबल्यावर शून्य! म्हणजे खड्ड्यात आदळली की गाडी स्वतःच स्वतःचा ब्रेक मारत होती. वर त्याचा दोष चालवणाऱ्याच्या पायाला. तेव्हा गाडी मातीतली असेल तर खेळ तिन्ही अवस्थांत मोजा. आम्ही मूळ उंचीचे शॉकअप परत बसवले. गाडी दिसायला बुटकी झाली, त्यावरून बोलणी अजून खातोय.

तिसरं, चाक हाताने फिरवत ब्रेक अगदी हलका दाबून धरा. दर फेरीला एकाच जागी घासत असेल तर ड्रम गोल नाही, किंवा प्लेट मध्यावर बसलेली नाही. रिमचा आऊट काढताना एका बाजूच्या तारा जास्त ओढल्या तरी हब थोडा अंडाकृती होऊ शकतो. हे डोळ्यांना दिसत नाही, डायल गेजला दिसतं.

चौथं, आता चाक काढा. काढल्या काढल्या ब्रेकच्या आतली काळी धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने फुंकू नका! हे ठळक अक्षरात लिहायला हवं. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर वर्षांनंतर कॅन्सरपर्यंत प्रकरण जातं. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. गॅरेजमधली पोरं दिवसातून दहा वेळा फू करून ही धूळ उडवतात. त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. आपल्याला तरी कुठे सांगितलंय?

पाचवं, शू बघा. लायनर कुठे घासलाय ते त्याच्या रंगावरून कळतं. आपल्या शूची फक्त दोन टोकं चकाकत होती, मधला भाग कोरा. म्हणजे शूची गोलाई ड्रमपेक्षा मोठी. टोकाला टेकणारा शू हमखास पकडतो. लीडिंग शूचं कॅमकडचं टोक धारदार असेल तर आणखीच. ते टोक कानशीने दोन-तीन मिलिमीटर उतरतं करायचं, चकाकी पॉलिश पेपरने मोडायची आणि ड्रमवरही पेपर आडवा-तिरपा फिरवायचा. लायनरमध्ये तेल किंवा ग्रीस मुरलं असेल तर मात्र पेट्रोल टाकून जाळणं वगैरे प्रकार नकोत, शू जोडीने बदलायचे. नवीन जोडीची किंमत आपल्या कँटीनच्या आठवड्याच्या उधारीपेक्षा कमीच असते.

सहावं, कॅम. हा बिचारा वर्षानुवर्षं कोरडा राहतो. कोरडा कॅम अडतो आणि जोर वाढला की एकदम उडी मारून फिरतो. ‘काही नाही, काही नाही, एकदम खर्रर्र’ मधलं ‘एकदम’ बरंचसं इथलं. कॅम बाहेर काढा, गंज घासा, उष्णता सोसणारं ग्रीस अगदी नखभर लावा. जास्त लावलं तर ते लायनरवर जाणार. प्लेटवर परत बसवताना आर्मचा कोनही बघा. ब्रेक लागलेला असताना रॉड आणि आर्म यांच्यात साधारण काटकोन असावा, त्यापलीकडे नाही. शू झिजले म्हणून कुणीतरी आर्म दातऱ्यांवर एक घर सरकवून ठेवलेला असतो आणि पुढचा माणूस वर्षभर डोकं खाजवतो.

सातवं आणि शेवटचं, फुकटातलं. चाक बसवल्यावर एक्सलचा नट लगेच आवळू नका. चाक फिरवा, ब्रेक जोरात दाबून धरा, आणि दाबलेलाच असताना एक्सल आणि टॉर्क रॉड आवळा. दोन्ही शू ड्रमला टेकलेले असल्यामुळे प्लेट आपोआप मध्यावर येते. ही युक्ती मला आपल्या नाक्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी सांगितली. त्यांचं शिक्षण सातवी. सेल्फ-सेंटरिंग हा शब्द त्यांना माहीत नाही, पण ती गोष्ट माहीत आहे. आपलं नेमकं उलटं.

एवढं करून गाडी आता पायाच्या हुकमात आहे. ओल्या मुरमावरसुद्धा चाक जाम होण्याच्या आधी पायाला कळतं. एक काम मात्र राहिलंय. ड्रममध्ये डायल गेज लावून तो किती गोल आहे ते बघायचं, आणि फार वाकडा असेल तर हबवर छापलेल्या कमाल व्यासाच्या आत राहून लेथवर हलका हात फिरवायचा. अर्ध्या तासाचं काम. लेथ आपल्या वर्कशॉपमध्ये आहेत, डायल गेज मेट्रोलॉजी लॅबच्या कपाटात आहेत. पण ‘खासगी वाहनाचं काम इथे चालणार नाही’ असं उत्तर मिळालं.

वर्कशॉपच्या सरांवर माझा राग नाही. त्यांची अडचण मला समजते. उद्या कुणाचा हात लेथमध्ये गेला तर जबाब त्यांना द्यायचाय. शिवाय अशा बदललेल्या गाड्यांना उत्तेजन का द्यावं, हाही प्रश्न बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनासारखे बदल करायला बंदी घालतं. म्हणून आधीच सांगतो, ही गाडी रस्त्यावर नेऊ नये, मैदानापुरतीच ठेवावी, हेल्मेटशिवाय कुणाला किल्ली देऊ नये, हे माझंही मत आहे. पण प्रश्न या एका गाडीचा नाही. होस्टेलच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना मागे ड्रमच आहे. त्या रोज शहरात जातात, शनिवारी घाट उतरून घरी जातात. त्यांच्या टॉर्क रॉडला पिन आहे की तार, हे कुणी बघितलंय?

काही जण म्हणतात, एवढं डोकं कशाला, गॅरेजला टाका, पन्नास-शंभरात होतं. होतं, पण गॅरेजवाल्याकडे गर्दी असते. तोही बऱ्याचदा नटच ढिला करतो, कारण गिऱ्हाईक तेच मागतं. दुसरे म्हणतात, मागे डिस्क बसवा. चुकीच्या मापाचं मास्टर सिलिंडर बसवलेली डिस्क याहून चंचल निघते, आणि त्यासाठी चिमट्यावर वेल्डिंग मारणार कोण?

तेव्हा माझी मागणी छोटी आहे. महिन्यातला एक शनिवार, दुपारी दोन ते पाच, वर्कशॉप इन्स्ट्रक्टरांच्या देखरेखीखाली, होस्टेलच्या गाड्यांच्या ब्रेक तपासणीसाठी द्यावा. लेथला इन्स्ट्रक्टरच हात लावतील, आम्ही मोजू, पुसू, लिहून ठेवू. नाक्यावरच्या मिस्त्रींना पाहुणे म्हणून बोलवावं, मानधन आम्ही वर्गणीतून देऊ. सेकंड इयरच्या पोरांनी ब्लॉक ब्रेकचं सम सोडवून झाल्यावर उघड्या हबमध्ये लीडिंग शू बोटाने दाखवावा. दाखवता आला तरच सही! आपण चार वर्षांत कितीतरी जर्नल एकमेकांचं बघून लिहितो. हे एक तरी काम असं असू दे की ज्यात दुसऱ्याचं रीडिंग उतरवलं तर स्वतःचंच हाड मोडेल.

आणि तो शनिवार मिळेपर्यंत एवढं तरी करा. आज संध्याकाळी मेसला जाताना वाटेत पार्किंगमध्ये थांबा, गाडीच्या मागे खाली बसा आणि टॉर्क रॉडचा नट बघा. पिन नसेल तर रूम नंबर विचारत या, माझ्याकडे अख्खं पाकीट पडलंय.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी